मुंबईकरांसाठी लुंबिनी: गोरखपूरहून सीमेपलीकडे एका दिवसाची यात्रा

बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर या तीन स्थळांना मुंबईहून जाणारे पुष्कळ लोक चौथ्या स्थळाला, म्हणजे सिद्धार्थ गौतमाचा जन्म जिथे झाला त्या लुंबिनीला, केवळ ते नेपाळात आहे म्हणून वगळतात. पासपोर्ट काढलेला नाही, व्हिसाच्या भानगडीत पडायला वेळ नाही, परदेशाचा खर्च झेपणार नाही, अशी कारणे त्यासाठी दिली जातात आणि ती तिन्ही गैरसमजातून आलेली असतात. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र असेल तर पासपोर्टवाचून काम होते, आणि गोरखपूरला मुक्काम ठेवला तर पहाटे निघून, लुंबिनी पाहून, रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत परत येता येते. मात्र सीमा ओलांडणे सोपे आहे म्हणून तयारीशिवाय निघावे असे मुळीच नाही. कागदपत्र, पैसे किंवा वाहन यांतली एखादी उणीव सीमेवर तास-दीड तास खाते, आणि तो वेळ शेवटी जन्मस्थळावर सिद्धार्थाच्या आईच्या नावे असलेल्या मायादेवी मंदिराच्या वाट्यातूनच वजा होतो. लुंबिनीत निदान चार तास घाई न करता मिळावेत, एवढाच हेतू धरून पुढची माहिती दिली आहे.

मुंबई सोडण्यापूर्वी

भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी झालेल्या शांतता आणि मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात येण्याजाण्याची मोकळीक दिली आहे. या मोकळिकीमुळे सीमेवर भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारला जात नाही. तरीही आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवणारा पुरावा जवळ असावाच लागतो, आणि वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हेच त्यासाठी निर्विवाद चालणारे दोन पुरावे आहेत. मुंबईत बँकेपासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे आधार कार्ड चालते, त्यामुळे तेवढेच खिशात घालून निघण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. नेपाळच्या बाबतीत ही सवय बाजूला ठेवावी. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, आणि 15 ते 65 या वयोगटातील प्रवाशासाठी तो नेपाळ प्रवासाचा अधिकृत दस्तऐवज मानला जात नाही. 15 वर्षांखालील मुले आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठ यांना मात्र वय आणि छायाचित्र असलेले दुसरे सरकारी ओळखपत्र, म्हणजे आधार, पॅन किंवा वाहन परवाना, चालते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींकडे मतदार ओळखपत्र असणे शक्यच नसल्यामुळे, पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातील ओळखीचा दाखला घ्यावा आणि तो सुट्टी लागण्यापूर्वीच घ्यावा, कारण मे महिन्यात शाळेचे कार्यालय गाठणे कठीण जाते.

मतदार ओळखपत्र मुंबईच्या पत्त्याचे नसले, गावच्या पत्त्याचे असले तरी काही बिघडत नाही. अडचण येते ती जुन्या, धूसर छायाचित्राच्या कार्डांची आणि लग्नानंतर बदललेल्या नावांची. घरातील आईच्या कार्डावर माहेरचे नाव आणि बाकी सर्व कागदांवर सासरचे नाव, हे आपल्याकडे सर्रास आढळते. अशा वेळी आधार किंवा पॅनसारखे दुसरे ओळखपत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी. कार्ड हरवले किंवा खराब झाले असल्यास, अथवा त्यातील नोंद बदलायची असल्यास निवडणूक आयोगाकडे नमुना 8 भरून अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून रेल्वेचे तिकीट काढण्याच्याही आधी हे काम हाती घ्यावे. मूळ कार्डच न्यावे आणि त्याच्या दोन छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. कुटुंबातील कोणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर ही मोकळीक त्यांना लागू होत नाही. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी त्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो, दोन्ही बाजूंच्या इमिग्रेशन कार्यालयांत नोंद करावी लागते, आणि त्यांच्यासाठी एका दिवसाची ही आखणी तंग पडते.

मुंबईहून गोरखपूरला जाण्यासाठी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणाऱ्या कुशीनगर एक्स्प्रेस आणि काशी एक्स्प्रेस या जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या गाड्या आहेत, आणि वांद्रे टर्मिनसवरून अवध एक्स्प्रेस आहे. प्रवास तीस तासांहून अधिक होतो. काशी एक्स्प्रेस वाराणसीवरून जाते, त्यामुळे ज्यांना सारनाथ आधी पाहायचे आहे त्यांना ती सोयीची आहे. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडे जाणाऱ्या या गाड्या दिवाळी-छठच्या दिवसांत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आरक्षण उघडल्यावर पाहता पाहता भरतात. मुंबईहून गोरखपूरला विमानानेही जाता येते. वृद्ध आईवडिलांना नेणार असाल तर निदान एका बाजूचा प्रवास विमानाने करावा, असे मी आग्रहाने सांगेन. तीस तास गाडीत बसून सकाळी उतरायचे आणि त्याच दिवशी सीमा ओलांडायची, हे तरुणांनाही जड जाते. ज्या दिवशी गोरखपूरला पोहोचाल तो दिवस विश्रांतीचा ठेवा आणि लुंबिनी दुसऱ्या दिवशी करा. गाडी उशिरा आली तरी मग यात्रा बिघडत नाही.

दिवस निवडताना तराईचे, म्हणजे भारत-नेपाळ सीमेलगतच्या सखल प्रदेशाचे हवामान लक्षात घ्यावे. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत तिथे दाट धुके पडते, गाड्या तासन् तास रखडतात आणि सकाळी रस्त्यावर पुढचे वाहन दिसत नाही. मे आणि जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि लू वाहते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे सर्वांत चांगले महिने होत. बुद्धपौर्णिमेला लुंबिनीत असण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु त्या दिवशीची गर्दी पाहता एका दिवसाची धावती भेट त्यासाठी पुरत नाही. त्यासाठी लुंबिनीतच मुक्काम करावा. नेपाळात शनिवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार असल्याने त्या दिवशी तिथल्या कुटुंबांची आणि सहलींची वर्दळ असते. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात: भारतात सीमावर्ती जिल्ह्यांत किंवा नेपाळात निवडणूक असली, तर मतदानाच्या आधी काही दिवस सीमा बंद करण्याची प्रथा आहे. तारीख ठरवण्यापूर्वी दोन्हीकडच्या निवडणुकांचे आणि आंदोलनांचे वृत्त एकदा पाहून घ्यावे.

पैसे, फोन आणि घड्याळ

नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी 1993 पासून बांधलेला आहे. भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160 रुपये. हा दर ठरलेला असल्यामुळे बँकेचा भाव रोज शोधत बसावे लागत नाही आणि कोणी वेगळा दर सांगितला तर ते लगेच लक्षात येते. सीमेवर भारताच्या बाजूला सुनौली आणि नेपाळच्या बाजूला बेलहिया आहे, आणि या दोन्ही बाजूंना पैसे बदलून देणारी दुकाने आहेत. एका दिवसाच्या खर्चापुरतेच पैसे बदलावेत, कारण उरलेल्या नेपाळी नोटा गोरखपूरलाही चालत नाहीत, मग मुंबईचे नावच नको. भारतीय नोटांपैकी शंभरच्या आणि त्याहून लहान नोटा सीमावर्ती भागात बिनदिक्कत घेतल्या जातात. मोठ्या नोटांवर नेपाळने 2018 मध्ये बंदी घातली होती आणि त्यासंबंधीचे नियम पुढेही चर्चेत राहिले आहेत. म्हणून पाचशेच्या नोटांवर विसंबून न राहता मुंबईतूनच शंभराच्या नोटांचे एक बंडल घेऊन निघावे.

भाडे किंवा किंमत ठरवताना ती ‘आयसी’ म्हणजे भारतीय चलनात आहे की ‘एनसी’ म्हणजे नेपाळी चलनात, हे प्रत्येक वेळी स्पष्ट विचारून घ्यावे. सीमेवर दोन्ही आकडे सहज बोलले जातात आणि आठशे आयसी व आठशे एनसी यांत तीनशे भारतीय रुपयांचा फरक पडतो. सीमेवरचे बहुतेक वाद फसवणुकीपेक्षा याच गोंधळातून होतात.

मार्च 2024 पासून नेपाळातील फोनपे या जाळ्याच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. नाव सारखे वाटले तरी हे जाळे आपल्याकडच्या फोनपे अ‍ॅपहून वेगळे आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये ही सोय चालू आहे का ते मुंबईतच पाहून ठेवावे. खरी अडचण इंटरनेटची आहे. भारतीय सिमकार्डाचे जाळे सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर तुटते, रोमिंग घेतले नसेल तर फोन निरुपयोगी होतो, आणि एका दिवसासाठी नेपाळी सिम घेण्याच्या सोपस्कारात पडणे मला योग्य वाटत नाही. म्हणून रोख हाच मुख्य आधार मानावा, लुंबिनीचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, आणि सोबतच्या मंडळींनी एकमेकांपासून वेगळे होण्यापूर्वी भेटण्याची जागा व वेळ ठरवावी. वेळ ठरवताना ती कोणत्या देशाची हेही बोलून घ्यावे, कारण नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते.

नियमित औषधे घेणाऱ्यांनी ती मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. नेपाळात ड्रोन उडवण्यासाठी परवानगी लागते, तेव्हा तो गोरखपूरलाच ठेवावा. आरोग्य विम्याचे संरक्षण भारताबाहेर लागू आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

गोरखपूर ते बेलहिया

गोरखपूर ते सुनौली हे अंतर साधारण 95 किलोमीटर आहे आणि वाटेत फरेंदा लागते. गोरखपूर रेल्वे स्थानकाजवळच्या बस स्थानकावरून उत्तर प्रदेश परिवहनच्या बस सुनौलीसाठी सुटतात. तीन तास धरून चालावे. रेल्वेनेच जायचे असेल तर सुनौलीपासून सात-आठ किलोमीटरवर नौतनवा हे शेवटचे स्थानक आहे, तिथून पुढे रिक्षा मिळते. पाच-सहा जणांचे कुटुंब असेल तर गोरखपूरहून दिवसभरासाठी खासगी गाडी ठरवणे सोयीचे पडते. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेआठच्या सुमारास सीमेवर असाल. उशिरा निघाल्यास सुनौलीच्या अलीकडे लागलेल्या मालवाहू ट्रकांच्या रांगांमध्ये अडकण्याचा संभव वाढतो. नेपाळात जाणाऱ्या मालाचा मोठा भाग याच नाक्यावरून जातो आणि जकातीसाठी थांबलेले ट्रक रस्त्याच्या कडेला दूरवर उभे असतात.

इथे एक निर्णय करावा लागतो: भारतीय गाडी पलीकडे न्यायची, की सीमा पायी ओलांडून पुढे नेपाळी गाडी करायची? भारतीय गाडीसाठी नेपाळच्या जकात कार्यालयात ‘भन्सार’ भरावा लागतो. गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना दाखवून दिवसांच्या हिशेबाने शुल्क द्यायचे, पावती घ्यायची आणि ती परतीपर्यंत जपायची, अशी ही पद्धत आहे. रांग नसेल तर काम लवकर होते, परंतु रांग किती असेल ते आपल्या हातात नसते. शिवाय भारतातील वाहन विम्याची व्याप्ती मुळात भारतापुरती असते आणि नेपाळसाठी जादा हप्ता भरून ती वाढवून घ्यावी लागते, याकडे भाड्याच्या गाड्यांचे मालक अनेकदा लक्ष देत नाहीत. एका दिवसाच्या भेटीसाठी माझे मत स्पष्ट आहे: गोरखपूरची गाडी सुनौलीतच थांबवावी, चालकाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि सीमा पायी ओलांडावी. सोबत चालण्यास असमर्थ व्यक्ती असेल तरच गाडी पलीकडे नेण्याचा विचार करावा. सुनौलीत सायकल रिक्षाही मिळतात आणि त्या सीमेपार जातात.

सीमा पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती सापडत नाही, कारण ती एका गजबजलेल्या बाजारपेठेच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंना कापडाची, भांड्यांची, मोबाइलची दुकाने, हातात नोटांची पुडकी घेऊन बसलेले पैसे बदलणारे, डोक्यावर पोती घेऊन जाणारी माणसे आणि त्यांच्यामधून कासवगतीने सरकणारे ट्रक, असा तो रस्ता आहे. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे असतात. ते थांबवतील तर थांबावे, ओळखपत्र दाखवावे, कुठे जात आहोत हे एका वाक्यात सांगावे. गर्दीतून पुढे जाणाऱ्या सर्वांनाच ते थांबवतात असे नाही, म्हणून कोणी ‘कार्ड कशाला दाखवता, चला’ असे म्हणून घाई करील. अशा सल्ल्याकडे दुर्लक्ष करावे आणि कार्ड हाताशी ठेवावे. मग भारताची कमान, दोन्ही देशांमधली थोडीशी मोकळी पट्टी आणि समोर नेपाळची कमान. ती ओलांडली की तुम्ही बेलहियात, म्हणजे नेपाळच्या रुपन्देही जिल्ह्यात असता. जवान, चौकी, जकात कार्यालय यांची छायाचित्रे काढू नयेत. दोन्ही देशांचे लोक रोज भाजी आणायला इथून जातात येतात म्हणून हा भाग सीमा राहत नाही असे नाही.

बेलहियापासून चार किलोमीटरवर भैरहवा हे शहर आहे, ज्याचे अधिकृत नाव सिद्धार्थनगर आहे, आणि तिथून पश्चिमेला साधारण 22 किलोमीटरवर लुंबिनी. कमान ओलांडताच टॅक्सीवाले गराडा घालतात. त्यांच्याशी बोलताना एकेरी फेरी, की जाणे-येणे आणि मध्ये चार तासांचा थांबा, हे आधी ठरवावे, मग चलन ठरवावे आणि शेवटी रक्कम. मुंबईत मीटरवर चालण्याची सवय असलेल्यांना हे अवघडल्यासारखे होते, पण थांब्यासह ठरवलेली गाडी परतीची सगळी काळजी मिटवते. खर्च कमी ठेवायचा असेल तर भैरहवाच्या बुद्ध चौकापर्यंत रिक्षाने जाऊन तिथून लुंबिनीची बस धरावी. ती वाटेत थांबत थांबत जाते, तेव्हा एक तास अधिक धरावा. हिंदी सर्वांना समजते, आणि पाट्या देवनागरीत असल्यामुळे मराठी माणसाला वाट शोधण्याचा त्रास होत नाही.

लुंबिनीत

लुंबिनीचा आजचा परिसर जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांच्या आराखड्यानुसार घडला आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थान्ट 1967 मध्ये इथे आले, या स्थळाची अवस्था पाहून ते हेलावले आणि त्यांच्या पुढाकारातून हे काम उभे राहिले. आराखडा 1978 मध्ये मंजूर झाला. तीन मैल लांब आणि एक मैल रुंद अशा या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला पवित्र उद्यान आहे, मधोमध सरळ कालवा आहे आणि कालव्याच्या दोन्ही अंगांना देशोदेशीचे विहार आहेत: पूर्वेला थेरवाद परंपरेचे, पश्चिमेला महायान आणि वज्रयान परंपरांचे. उत्तर टोकाला जपानी भिक्षुसंघाने उभारलेला पांढरा विश्वशांती स्तूप आहे. हे अंतर पायी पार करण्याचा प्रयत्न करू नये. आत ई-रिक्षा मिळतात आणि भाड्याच्या सायकलीही मिळतात. रिक्षावाले आधी सगळे विहार दाखवून शेवटी मायादेवी मंदिरापाशी आणून सोडण्याचा क्रम सुचवतात, तो मानू नये. सकाळी डोके शांत आणि पाय ताजे असताना थेट पवित्र उद्यानात जावे. विहार नंतर पाहता येतात आणि एखाददुसरा राहून गेला तरी चालतो.

पवित्र उद्यानासाठी तिकीट घ्यावे लागते आणि भारतीयांना सार्क देशांचा सवलतीचा दर लागतो, म्हणून खिडकीवर ओळखपत्र दाखवावे. पादत्राणे बाहेर काढावी लागतात. उन्हाळ्यात आतल्या फरश्या इतक्या तापतात की भाविक टाचांवर चालताना दिसतात, तेव्हा जाड मोजे सोबत ठेवावेत. मायादेवी मंदिराच्या आत छायाचित्रण करता येत नाही आणि मोठ्याने बोलणे अपेक्षित नाही. बाहेरून पांढरी, साधी दिसणारी ही इमारत खरे पाहता आतल्या अवशेषांवर घातलेले आच्छादन आहे. आत शिरल्यावर खाली उघड्या ठेवलेल्या जुन्या विटांच्या भिंती दिसतात आणि त्यांच्या कडेने बांधलेल्या मार्गावरून रांग हळूहळू पुढे सरकते. मध्यभागी, काचेखाली, एक ओबडधोबड दगड आहे. तो 1990 च्या दशकातील उत्खननात सापडला आणि जन्माची नेमकी जागा दाखवण्यासाठी तो तिथे बसवला गेला होता असे मानले जाते. त्याच्या वरच्या बाजूला झिजून जवळजवळ सपाट झालेले जन्मप्रसंगाचे शिल्प आहे: साल वृक्षाची फांदी धरून उभी असलेली मायादेवी. गर्दीच्या वेळी त्या दगडापुढे क्षणभरच थांबायला मिळते. रांगेत पुढे काय पाहायचे आहे हे आधी माहीत असेल तर तो क्षण वाया जात नाही, म्हणून हे इतके तपशिलाने सांगितले. कपिलवस्तूहून माहेरी देवदहला बाळंतपणासाठी निघालेली राणी वाटेत या उद्यानात थांबली, ही कथा आपल्याकडच्या कोणत्याही घराला समजावून सांगावी लागत नाही. सोबत आलेल्या आज्या त्या दगडापुढे का रेंगाळतात, हे ओळखून रांगेत त्यांना घाई करू नये.

मंदिराच्या शेजारीच अशोकस्तंभ आहे आणि तिथे मात्र वेळ हवा तेवढा घेता येतो. हा स्तंभ राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट अशोक स्वतः इथे आला तेव्हा उभारला गेला, म्हणजे इसवी सनापूर्वी 249 च्या सुमारास. पुढे तो विस्मरणात गेला आणि 1896 च्या डिसेंबरमध्ये जनरल खड्ग शमशेर राणा आणि पुरातत्त्वज्ञ अलोइस फ्यूरर यांच्या उपस्थितीत जमिनीखालचा त्यावरचा लेख पुन्हा उजेडात आला. लोखंडी कुंपणाच्या जवळ उभे राहिले की ब्राह्मी लिपीच्या ओळी डोळ्यांना दिसतात: अक्षरे लहान, सरळ आणि आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ कोरलेली आहेत. त्यात ‘हिद बुधे जाते सक्यमुनीति’ असे शब्द आहेत, म्हणजे इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. पुढे, भगवान इथे जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्साच घेण्याचे ठरवले, असे म्हटले आहे. जन्मस्थळाविषयी दगडावर कोरलेला इतका स्पष्ट आणि इतका प्राचीन पुरावा आपल्यासमोर उभा आहे, हे मुलांना तिथेच सांगावे. स्तंभाच्या वरच्या भागात चौदाव्या शतकातील रिपु मल्ल या राजाचा छोटा लेखही आहे, पण तो खालून दिसणे कठीण. 1997 मध्ये युनेस्कोने लुंबिनीला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले.

मंदिराच्या दक्षिणेला पुष्करिणी आहे आणि तिच्या काठी रंगीत पताकांनी वेढलेला मोठा पिंपळ. महाराष्ट्रातून आलेले गट पांढरी वस्त्रे नेसून इथेच बुद्धवंदनेला बसतात. तुमचा गट असेल तर वंदना इथे घ्यावी, ध्वनिक्षेपक वापरू नये, आणि शेजारी श्रीलंकेचे किंवा थायलंडचे भिक्षू पठण करीत असतील तर त्यांचे पठण संपेपर्यंत थांबावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर अवघ्या महिन्याभरात, नोव्हेंबरमध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्या वेळी त्यांची प्रकृती किती खालावली होती हे आपण जाणतो. मुंबईहून इतक्या दूर आलेल्या आपल्या लोकांना या झाडाखाली अर्धा तास नुसते बसू द्यावे, पुढच्या विहाराची घाई लावू नये, हे मी गटप्रमुखांना मनापासून सांगतो.

उरलेल्या वेळात विहार पाहावेत. पूर्वेकडून म्यानमारचे सोनेरी विहार आणि थायलंडचे विहार, पश्चिमेकडून जर्मन बौद्धांनी बांधलेला भित्तिचित्रांचा कमळ स्तूप आणि चिनी विहार एवढे पुरे. दुपारी काही विहारांचे दरवाजे थोडा वेळ बंद असतात, तेव्हा जेवण त्याच सुमारास उरकावे. प्रवेशद्वाराबाहेरच्या खाणावळींत डाळ-भात-तरकारी ताजी आणि पोटाला सोसणारी मिळते, भात आणि डाळ पुन्हा वाढतात. पिण्याचे पाणी सीलबंद घ्यावे. कपिलवस्तूच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेले तिलौराकोट लुंबिनीच्या पश्चिमेला पंचवीस किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि टॅक्सीवाले ‘तेही दाखवतो’ म्हणतील. एका दिवसात ते जमवण्याच्या नादी लागू नये. कुशीनगर गोरखपूरच्या पूर्वेला साधारण 50 किलोमीटरवर आहे, त्यासाठी भारतात परतल्यावर वेगळा दिवस ठेवावा.

परतीचा मार्ग

नेपाळी घड्याळात सव्वातीन, म्हणजे आपले तीन वाजले की लुंबिनी सोडावी. साडेचार-पाचपर्यंत सुनौली गाठता येते आणि आठ-साडेआठला गोरखपूर. सीमा ओलांडण्यापूर्वी उरलेले नेपाळी पैसे खर्च करून टाकावेत किंवा बेलहियातच बदलून घ्यावेत. भारतात शिरताना पुन्हा ओळखपत्र दाखवावे लागते आणि सामानाची तपासणी होते. इथली तपासणी जातानापेक्षा कडक असते. माळा, लहान मूर्ती, प्रार्थना पताका, लोकरी शाल अशा मोजक्या वस्तूंबद्दल सहसा कोणी हटकत नाही, परंतु विजेची उपकरणे, परदेशी मद्य, सिगारेटी किंवा दुकानासाठी घेतल्यासारखा माल सोबत असेल तर जकात, जप्ती आणि वेळेचा अपव्यय ठरलेला. कोणी अनोळखी माणूस ‘एवढी पिशवी पलीकडे न्या’ असे सांगेल तर ती हातातही घेऊ नये. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने विनवले तरीसुद्धा नाही, कारण तपासणीत ती पिशवी तुमचीच मानली जाईल.

अंधार पडल्यावर बाजारातली गर्दी ओसरते आणि गोरखपूरच्या बसही कमी होतात. काही कारणाने उशीर झालाच तर रात्री रस्त्यावर धडपडण्यापेक्षा भैरहवात किंवा नौतनवात मुक्काम करावा. याच शक्यतेसाठी मुंबईची परतीची गाडी त्याच रात्रीची किंवा दुसऱ्या पहाटेची कधीही काढू नये. लुंबिनीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची गाडी ठेवली, तर सकाळी कपडे आवरून, गोरखपूरच्या बाजारात वाटेसाठी फराळ घेऊन, निवांत स्थानकावर जाता येते.

अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून काठमांडूतील भारतीय दूतावास आणि बीरगंज येथील भारतीय वाणिज्य दूतावास यांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून कागदावर उतरवून घ्यावेत, फोनमध्ये नव्हे. ओळखपत्र नेपाळात हरवले तर प्रथम जवळच्या प्रहरी (पोलीस) चौकीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, आणि ती प्रत व ओळखपत्राची छायाप्रत दाखवून सीमेवरच्या भारतीय अधिकाऱ्यांशी बोलावे. दोन छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगितले ते याचसाठी.